रक्त पातळ, तरी गुठळी

(आपल्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना जे तुटक झालं होतं, ते इथे जरा नीट लावून लिहिलं आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली, तू एआयवर बोल. पंधरा-वीस मिनिटं." मी म्हटलं, एआयवर तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर रोज ज्ञान मिळतंय, त्यात माझी भर कशाला? मी लिव्हरवर बोलते. फोनवर जरा शांतता झाली. मग विचारलं, "जेवणाच्या आधी की नंतर?"

नंतरच ठेवलंय, घाबरू नका. आणि दारूवर व्याख्यान देणार नाही, तेव्हा मागच्या रांगेतल्यांनी उठून जायचं कारण नाही.

हा विषय का, तर आपल्या तुकडीच्या ग्रुपवर गेल्या तीन-चार वर्षांत "वडिलांना लिव्हरचं निघालंय, कुठं न्यावं?" अशा अर्थाचे निरोप बरेच येऊन गेले. कुणाचे वडील, कुणाचे सासरे, एका मैत्रिणीचा तर नवराच. आपण सगळे आता त्या वयात आलोय, जिथे घरातली प्लॅस्टिकची फाईल आपल्या हातात असते. रिपोर्ट आपणच उघडतो, त्यातलं ठळक अक्षरात छापलेलं आधी वाचतो आणि तिथेच घाबरतो. त्या ठळक छापलेल्या एका आकड्याबद्दल मला बोलायचंय.

मी डॉक्टर नाही. अकरावीला बायॉलॉजीला रामराम केला तो कायमचा. पुण्यात दवाखान्यांच्या आणि लॅबच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम करते. म्हणजे तुमचा रिपोर्ट ज्या पडद्यावर दिसतो, त्याच्या पाठीमागचं. आपल्या वर्गातल्या दोन डॉक्टर मित्रांनी हे भाषण आधी वाचलंय आणि त्यात तीन ठिकाणी लाल शाई केली आहे. त्यांचे आभार.

बाईंनी नववीला फळ्यावर तपकिरी खडूने यकृत काढलं होतं, ते आठवतं का कुणाला? "शरीरातली सर्वांत मोठी ग्रंथी" एवढं परीक्षेला पुरायचं. यकृताला रक्त कुठून येतं हे कुणी विचारलं नव्हतं. गंमत तिथेच आहे. बाकीच्या अवयवांना हृदयाकडून ताजं रक्त मिळतं. यकृताला मात्र बहुतेक रक्त, सुमारे तीन चतुर्थांश, एका शिरेतून मिळतं. आतडी, जठर, पानथरी या सगळ्यांचं रक्त गोळा करून ती शीर यकृतात आणून सोडते. तिला पोर्टल व्हेन म्हणतात. आपण जे खातो ते आधी यकृताच्या दारात तपासलं जातं आणि मग पुढे जातं.

आता अंबड, घनसावंगी, परतूरच्या लोकांना हे मी पाटाच्या भाषेत सांगते, कारण जायकवाडीचा डावा कालवा पाहिलेल्याला ते लगेच कळेल. पोर्टल व्हेन हा पाट समजा आणि यकृत हे रान. रान भुसभुशीत आहे तोवर पाणी मुरत जातं. सिरोसिस म्हणजे त्या रानाचा कडक मुरूम होणं. वर्षानुवर्षं सूज येत राहते, प्रत्येक सुजेनंतर व्रण राहतो, आणि शेवटी मऊ यकृताच्या जागी व्रणांचं जाळं आणि गाठी होतात. पाणी मुरायला जागा उरत नाही. मग पाटात पाणी तुंबतं. दाब वाढतो. पानथरी फुगते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात, म्हणून रिपोर्टात प्लेटलेट कमी येतात. पाणी बांध फोडून आडवाटा काढतं, तशा अन्ननलिकेच्या खालच्या भागात शिरा फुगतात. त्या फुटल्या की रक्ताची उलटी होते. पोटात पाणी साठतं, त्याला आपल्याकडे जलोदर म्हणतात. आणि मूळ पाटात पाणी संथ होतं. संथ पाण्यात काय होतं हे शेतकऱ्याच्या लेकरांना सांगायला नको. गाळ बसतो. पोर्टल व्हेनमध्ये तसा जो गाळ बसतो, ती रक्ताची गुठळी.

इथवर कुणाला अवघड वाटणार नाही. अवघड पुढे आहे, कारण सिरोसिसच्या माणसाचं रक्त "पातळ" असतं असं आपण सगळे ऐकत आलोय. रक्त पातळ, तर गुठळी कशी?

माझ्या काकांची गोष्ट सांगते. त्यांना विचारून सांगतेय. अंबड तालुक्यात मोसंबीची बाग आहे त्यांची. वय ६४. माळकरी माणूस, आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. मधुमेह मात्र जुना, इन्सुलिन चालू. तीन वर्षांपूर्वी पाय सुजले, पोट वाढलं, तपासण्या झाल्या आणि सिरोसिस निघाला. यकृतात चरबी साठून होणारा. पहिला त्रास आजाराचा झालाच नाही, लोकांचा झाला. भेटायला येणारा प्रत्येक जण डोळ्यांनी विचारायचा. काका मला म्हणाले, "मी तर कधी शिवलो नाही गं, मग हे नाव माझ्या वाट्याला का?" तेव्हा हे एकदा मोठ्याने सांगून टाकते: सिरोसिस दारूने होतो, तसाच तो हिपॅटायटिस बी आणि सीने होतो, आणि मधुमेह-लठ्ठपणासोबतच्या चरबीनेही होतो. हिपॅटायटिस सीची औषधं २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत मिळतात आणि बहुतेकांचा विषाणू जातोच. चरबीच्या यकृताला केंद्र सरकारने २०२१ मध्ये असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं. म्हणजे काकांसारखे एकटेदुकटे नाहीत.

तर काकांच्या पोटातलं पाणी सुईने काढायचं ठरलं. रक्त तपासलं. आयएनआर १.७, प्लेटलेट ६८ हजार. दोन्ही ठळक छापलेले. ज्या दवाखान्यात होतो तिथे सांगितलं, "रक्त फार पातळ आहे, आधी प्लाझ्माच्या चार पिशव्या आणा." माझे दोन चुलतभाऊ रात्री मोटारसायकलवर रक्तपेढीच्या वाटेला लागले. पुढे काही महिन्यांनी, वेगळ्या ठिकाणी, सोनोग्राफीत पोर्टल व्हेनच्या मुख्य भागात गुठळी दिसली. निम्म्याहून जास्त वाट अडलेली. एक डॉक्टर म्हणाले, याला गुठळी विरघळायचं औषध द्यावं लागेल. दुसरे म्हणाले, आयएनआर बघा, रक्त आधीच पातळ आहे, यांना ते औषध म्हणजे विष. एकाच फाईलवर दोन मतं आणि काकू माझ्याकडे बघतायत, "तू शिकलेली आहेस, तू सांग."

मी जे वाचलं आणि दोन्ही डॉक्टर मित्रांकडून जे समजून घेतलं, ते असं.

रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिनं यकृत बनवतं, हे खरं. यकृत थकलं की ती कमी होतात. पण रक्त गोठू न देणारी प्रथिनंही यकृतच बनवतं. प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन ही त्यांची नावं. तीही कमी होतात. शिवाय गोठवणाऱ्यांपैकी फॅक्टर एट सिरोसिसमध्ये कमी न होता उलट वाढतो. गाडीला जुंपलेले दोन्ही बैल खंगलेत असं समजा. गाडी सरळच चालते, पण जोर नाही. एखादा खड्डा आला, म्हणजे जंतुसंसर्ग झाला, मूत्रपिंड बिघडलं, की ती कुठल्याही अंगाला कलंडू शकते. रक्तस्रावाकडेही आणि गुठळीकडेही.

आणि आयएनआर काय मोजतो? फक्त एका बैलाचं वजन.

ही चाचणी कुठून आली ते बघण्यासारखं आहे. वॉरफरिन नावाची रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांसाठी ती घडवली गेली. वेगवेगळ्या लॅबची रसायनं वेगवेगळी, त्यामुळे एकाच माणसाचे आकडे दोन गावांत वेगळे यायचे. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये आयएनआरचं प्रमाण आणलं. वॉरफरिन घेणाऱ्या माणसासाठी तो उत्तम आकडा आहे. पण त्या चाचणीच्या नळीत प्रोटीन सीला जागं करणारा पदार्थच नसतो. शरीरात तो रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर असतो. म्हणजे गोठू न देणारा बैल चाचणीत दिसतच नाही. मिलानचे अरमांदो त्रिपोदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तो पदार्थ नळीत घालून मोजणी केली, तेव्हा सिरोसिसच्या रुग्णांचं रक्त निरोगी माणसांइतकंच गोठण्याची ताकद दाखवू लागलं. पुढच्याच वर्षी व्हर्जिनिया विद्यापीठातून नोंद आली की सिरोसिसच्या दाखल रुग्णांना पायात आणि फुप्फुसात गुठळ्या होतात, आणि आयएनआर जास्त असल्याने त्यांचं संरक्षण होत नाही.

माझ्या धंद्यात हा प्रकार रोजचा आहे. एका कामासाठी केलेलं मोजमाप हाताशी असतं म्हणून दुसऱ्या कामाला वापरलं जातं, आणि दहा वर्षांनी ते मुळात कशासाठी होतं हे कुणाला आठवत नाही. लॅबचं सॉफ्टवेअर तर बिचारं एवढंच जाणतं की निरोगी माणसांचा पट्टा अमुक ते तमुक, त्याबाहेर गेलं की ठळक छाप. समोर वॉरफरिन घेणारी आजी आहे की सिरोसिसचे काका, हे त्याला ठाऊक नसतं. मात्र एक नीट ऐका, नाहीतर उद्या कुणी म्हणेल बाईंनी आयएनआर फेकून द्यायला सांगितला. यकृत किती थकलंय हे सांगायला आयएनआर चांगलाच आहे. प्रत्यारोपणासाठी कुणाची निकड किती, हे ठरवणाऱ्या मेल्ड स्कोअरमध्ये तो आहे, आणि अमेरिकेत २००२ पासून त्या स्कोअरवर यकृताचं वाटप होतंय. या माणसाला सुई टोचली तर रक्त वाहील का, किंवा याला गुठळी होईल का, या प्रश्नांचं उत्तर मात्र तो देत नाही.

म्हणून पोटातलं पाणी काढण्याआधी आयएनआर "सुधारायला" सरसकट प्लाझ्मा चढवू नये, असं आता मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्या प्रक्रियेत मोठा रक्तस्राव शंभरात एकालाही होत नाही. उलट प्लाझ्माच्या प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे मिलिलिटरच्या आसपास जादा पाणी शरीरात जातं आणि तुंबलेल्या पाटातला दाब आणखी वाढतो. हे त्या दवाखान्याला दोष देण्यासाठी सांगत नाही. ठळक आकडा समोर असताना, बाहेर दहा नातेवाईक उभे असताना, पिशव्या न मागण्याची हिंमत करायला त्या डॉक्टरच्या पाठीशी कुणीतरी असावं लागतं. पण रात्री दोन वाजता रक्तपेढीच्या बाकावर बसलेल्या माझ्या भावांच्या बाजूने विचार केला तर ते चार पिशव्यांचं काम होतं की नव्हतं, हा प्रश्न लहान नाही.

आता भाकिताकडे येते, म्हणजे संयोजकांनाही एआयचं थोडं समाधान मिळेल. गुठळी कुणाला होणार हे आधी सांगता येतं का?

थोडंफार. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये तुलनेने कमी थकलेल्या यकृताच्या १,२४३ रुग्णांवर नजर ठेवली होती, ते काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. पहिल्या वर्षात शंभरात साधारण पाच जणांना आणि पाच वर्षांत सुमारे अकरा जणांना पोर्टल व्हेनमध्ये गुठळी झाली. कुणाला जास्त होते? ज्यांच्या पाटातला वेग मंद आहे त्यांना. रोमच्या एका अभ्यासात डॉपलर सोनोग्राफीवर सेकंदाला १५ सेंटिमीटरहून कमी वेग हा धोक्याचा इशारा ठरला होता. पुढच्या सगळ्या अभ्यासांनी तो तितकाच उचलून धरला नाही, पण दिशा तीच. पानथरी मोठी, आधी शीर फुटून रक्तस्राव झालेला, यकृतात कर्करोग, नुकतंच ऑपरेशन, या सगळ्याने धोका वाढतो. आणि प्लेटलेट कमी असणं हेही धोक्याचंच लक्षण निघतं. ज्या पेशी गुठळी बनवतात त्या कमी असताना गुठळी जास्त! कारण इथे प्लेटलेटचा आकडा हा दाबाची सावली आहे. दाब जास्त म्हणून पानथरी मोठी, पानथरी मोठी म्हणून प्लेटलेट कमी. सावलीला माणूस समजलं की फसगत होते.

दवाखान्यात दाखल झालेल्या कुठल्याही रुग्णाला गुठळीचा धोका किती, हे मोजायला इटलीतल्या पाडुआ शहराच्या नावाचा एक स्कोअर आहे, २०१० चा. त्यात अकरा मुद्दे आहेत. वय, लठ्ठपणा, कर्करोग, अंथरुणाला खिळणं वगैरे. यकृताचा एकही मुद्दा नाही. दुसरा एक स्कोअर आहे रक्तस्रावाचा धोका मोजणारा, त्याचं नाव इम्प्रूव्ह. त्यात यकृत निकामी होऊन आयएनआर दीडच्या वर गेला तर भरभक्कम गुण. म्हणजे माझे काका दाखल झाले तर एका यादीत त्यांच्या यकृताला शून्य आणि दुसऱ्या यादीत धोक्याची घंटा, तीही त्याच एका बैलाच्या वजनावर. दोन्ही याद्या प्रामाणिकपणे बनवलेल्या आहेत. फक्त त्या बनवताना समोर सिरोसिसचे रुग्ण फारसे नव्हते.

मग नवा चांगला स्कोअर बनवा ना, कॉम्प्युटर कशाला आहे? असं मला एका मित्राने काल रात्रीच विचारलं. जरा हिशोब करू, गणिताचे सर समोर बसलेत. समजा १,००० सिरोसिसचे रुग्ण आहेत आणि वर्षभरात ५० जणांना गुठळी होणार आहे. समजा आपण असं सॉफ्टवेअर केलं की होणाऱ्या शंभरांतले ८० ते बरोबर पकडतं, आणि न होणाऱ्या शंभरांतल्या ८० जणांना बरोबर सोडून देतं. ऐकायला झकास. ५० पैकी ४० पकडले. पण उरलेल्या ९५० मधल्या वीस टक्क्यांना, म्हणजे १९० जणांना, उगाच घंटा वाजली. एकूण २३० घंटा, त्यातल्या खऱ्या ४०. सहापैकी एक. आता त्या सगळ्या २३० जणांना रक्त पातळ करणारं औषध द्यायचं का? ज्यांच्या अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा आहेत त्यांनाही? त्यामुळे असल्या भाकितावर थेट औषध सुरू करण्यापेक्षा त्या २३० जणांची सोनोग्राफी वेळेवर आणि नीट करणं, एवढाच त्याचा उपयोग सध्या शहाणपणाचा आहे. एवढा झाला तरी पुष्कळ आहे.

आणि आधीच औषध देऊन गुठळी टाळता येते का, हेही करून पाहिलंय बरं का. इटलीतल्या मोडेना इथे एरिका व्हिला यांच्या गटाने ७० रुग्णांवर प्रयोग केला, २०१२ मध्ये छापून आला. ३४ जणांना ४८ आठवडे रोज एनॉक्सापॅरिनचं छोटं इंजेक्शन, ३६ जणांना काही नाही. ४८ आठवड्यांत इंजेक्शनवाल्यांपैकी एकालाही गुठळी झाली नाही, दुसऱ्या गटात सहा जणांना झाली. त्याहून नवल म्हणजे इंजेक्शनवाल्यांचं यकृतही कमी बिघडलं आणि रक्तस्राव वाढला नाही. मग सगळ्यांना का देत नाहीत? कारण प्रयोग छोटा, एकाच ठिकाणचा, आणि कुणाला काय दिलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. शिवाय फ्रान्स-बेल्जियमच्या त्या मोठ्या कामात गुठळीमुळे यकृत बिघडतं असं दिसलंच नव्हतं. गुठळी आजार वाढवते, की वाढलेला आजार गुठळी करतो, यावर यकृताचे डॉक्टर अजून भांडतायत. मला ते भांडण आवडतं. आपल्याकडे घाईने मिटवलेल्या भांडणांपेक्षा बरं.

काकांच्या बाबतीत प्रश्न टाळण्याचा नव्हताच, गुठळी समोर होती. तिथे मात्र पुरावा बराच आहे. रोमच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये आठ अभ्यासांतले ३५३ रुग्ण एकत्र करून पाहिले. रक्त पातळ करणारं औषध दिलेल्यांपैकी ७१ टक्के लोकांची शीर पूर्ण किंवा थोडी उघडली, न दिलेल्यांत ४२ टक्के. (म्हणजे काही गुठळ्या आपोआपही जातात, हेही लक्षात घ्या.) रक्तस्राव दोन्हीकडे सारखाच, ११ टक्के. आणि ज्या फुगलेल्या शिरांची सगळ्यांना भीती, त्यांच्यातून होणारा रक्तस्राव औषध घेणाऱ्यांत कमी होता. पाटातला गाळ निघाला की दाब उतरतो, असा त्याचा अर्थ लावता येतो.

जगभरचे या विषयाचे जाणकार इटलीतल्या बाव्हेनो गावाच्या नावाने दर काही वर्षांनी एकत्र बसतात. २०२१ च्या बैठकीत त्यांनी सांगितलं की ताजी गुठळी, म्हणजे सहा महिन्यांच्या आतली, मुख्य शिरेत निम्म्याहून जास्त वाट अडवत असेल, किंवा त्रास देत असेल, किंवा रुग्ण प्रत्यारोपणाच्या वाटेवर असेल, तर औषध द्यावं. शीर उघडेपर्यंत किंवा निदान सहा महिने. एंडोस्कोपी करून फुगलेल्या शिरांचा बंदोबस्तही करावा, पण त्यासाठी हे औषध अडवून ठेवू नये. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली असतील तर एकेका रुग्णाचा वेगळा विचार. औषध कोणतं, हे यकृताच्या स्थितीवर. नव्या गोळ्या सोयीच्या, पण यकृत जास्त थकलेलं असेल तर त्या शरीरात साचतात, आणि अगदी शेवटच्या टप्प्यात त्या देऊ नयेत. वॉरफरिनची मात्रा आयएनआर बघून ठरते, आणि इथे आयएनआर आधीच वर, मग लक्ष्य कुठलं धरायचं? म्हणून पुष्कळदा इंजेक्शन. मूत्रपिंडावर नजर ठेवून.

काकांची दोन बँडिंग झाली आणि इंजेक्शनही चालू झालं. रोज दवाखान्यात कोण नेणार, हा प्रश्न काकूंनी एका वाक्यात संपवला: "इन्सुलिन मीच टोचते की, हे का नाही?" सहा महिने त्यांनी टोचलं. कॅलेंडरवर रोज एक फुली. मोसंबीच्या तोडणीच्या दिवसांतही एक खाडा नाही. सहा महिन्यांनी डॉपलर केलं तर मुख्य शीर मोकळी होती, डाव्या फांदीत एक दोरा तेवढा राहिलाय. सिरोसिस आहेच, तो गेला नाही. पाणी अधूनमधून साठतं. पण काका आज सकाळी बागेत गेले होते आणि फोनवर मला बहाराचा ताण कधी तोडायचा यावर व्याख्यान देत होते.

मध्येच एक गोष्ट आपल्या राज्यातली सांगायची राहिली. यकृत धडधाकट असूनही या शिरा बंद होण्याचे आजार आपल्या देशात दिसतात, लहान मुलांतही. यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरा बंद झाल्या तर त्याला बड-कियारी म्हणतात. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्तविज्ञानाची एक राष्ट्रीय संस्था आहे, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी. तिथल्या दीपिका मोहंती, श्रीमती शेट्टी, कांजाक्ष घोष यांनी २००१ मध्ये पश्चिम भारतातल्या अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गुठळीकडे झुकवणारे जन्मजात दोष त्यांनी शोधले. बड-कियारीच्या रुग्णांत सर्वांत जास्त आढळला तो फॅक्टर फाइव्ह लेडन, जो युरोपात प्रसिद्ध आणि आपल्याकडे नाहीच म्हणून सोडून दिला जाऊ शकला असता. तेव्हा घरात तरुण माणसाला, यकृत चांगलं असताना, पोटातल्या शिरेत गुठळी निघाली तर हा सगळा सिरोसिसचा हिशोब बाजूला ठेवायचा आणि कारण शोधायला मोठ्या ठिकाणी जायचं.

आता फाईल हातात असणाऱ्यांसाठी. सिरोसिसच्या रुग्णाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतातच, कर्करोग लवकर सापडावा म्हणून. त्याच वेळी चिठ्ठीवर "पोर्टल व्हेन डॉपलर" लिहून मागा, आणि रिपोर्टात शीर मोकळी आहे की नाही हे शब्दांत लिहिलंय का ते बघा. जुना रिपोर्ट सोबत न्या. गुठळी ताजी की जुनी, हे औषधाच्या निर्णयात सगळ्यात जास्त बोलतं, आणि ते जुन्या रिपोर्टाशिवाय नीट कळत नाही. मी काकांच्या सगळ्या रिपोर्टांचे फोटो तारखेच्या नावाने एका फोल्डरमध्ये ठेवलेत. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून मी घराला दिलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच, आणि त्याला इंजिनिअर लागत नाही. पोटात अचानक जोरात दुखणं, पोट भराभर वाढणं, काळी शी, रक्ताची उलटी, एकच पाय सुजणं, अचानक धाप, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. अंगदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणून देऊ नका, ते मूत्रपिंडालाही त्रास देतं आणि रक्तस्रावालाही वाट करून देतं. आणि काढे. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, त्यावर वादही झाला. वाद कुणीही जिंको, ज्याचं यकृत आधीच मुरूम झालंय त्याने डॉक्टरांना न विचारता काही घेऊ नये.

जालन्यात हे सगळं कुठे होतं, असं विचाराल. सोनोग्राफी होते, डॉपलर काही ठिकाणी होतं. यकृताच्या खास डॉक्टरसाठी अजून संभाजीनगर, पुणे, मुंबई. आपल्या लहानपणी "घाटीला नेलं" म्हणजे गावात आवाज खाली यायचा. आता २०२४ पासून जालन्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय. आपल्या शाळेतली दोन मुलं तिथे शिकतायत असं मुख्याध्यापकांनी सकाळी सांगितलं. ती आज इथे स्वयंसेवक म्हणून आली आहेत. त्यांना मघाशी आयएनआरबद्दल विचारलं, तर एकाने मलाच उलट विचारलं की मॅडम, प्रोटीन सी चाचणीत का दिसत नाही? मी त्याला नळीत अस्तर नसतं ते सांगितलं. त्याने वहीत लिहून घेतलं.

माझा वेळ संपला, संयोजक घड्याळ दाखवतायत. चहाच्या वेळी मी त्या कडुलिंबाखालच्या बाकावर आहे. डॉक्टर मित्रांपैकी एकाला तिथेच अडकवून ठेवणार आहे. कुणाच्या मोबाईलमध्ये रिपोर्ट असतील तर घेऊन या, तारखा तेवढ्या आधी लावून ठेवा.